समोर कोण होते?



अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या बाई दर शुक्रवारी बजावत होत्या. मी संगणकाच्या धंद्यातला माणूस. दहावीनंतर मराठी निबंध लिहिलेला नाही आणि तोही 'माझा आवडता खेळाडू' या विषयावर होता. त्यामुळे विषय फार लांबून आणण्याची गरज पडली नाही. आजही क्रिकेटवरच लिहितो आहे, फक्त आवडत्या खेळाडूवर नाही, एका आवडत्या प्रश्नावर. हा प्रश्न मला माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने विचारला आणि त्यात मी चांगलाच अडकलो.

आधी मुलांसाठी एक कोडे. ऑक्टोबर 2016 मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध 594 धावांची नाबाद भागीदारी केली. गुगळे 351, बावणे 258. रणजी करंडकातला तो विक्रम होता. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी तो मोडला. त्यांची भागीदारी 606 धावांची, तीही नाबाद; दोघांचीही त्रिशतके. त्यांच्या समोर संघ होता अरुणाचल प्रदेशचा. आता सांगा, मोठी भागीदारी कोणती?

गणिताचा पेपर असेल तर उत्तर सोपे आहे. 606 ही संख्या 594 पेक्षा 12 ने मोठी. पण अरुणाचलचे दोन्ही डाव मिळून 176 धावांत आटोपले आणि गोवा एक डाव 551 धावांनी जिंकला, हे कळल्यावर तुम्ही जरा थांबाल. समोर दिल्लीचे गोलंदाज असताना काढलेल्या 594 धावा जड वाटू लागतील. पण तिथेही घाई नको. वानखेडेवरच्या त्याच सामन्यात दिल्लीकडून ऋषभ पंतने 308 धावा काढल्या होत्या, म्हणजे खेळपट्टीही फलंदाजांवर मेहेरबान होती! एका आकड्यामागे इतक्या गोष्टी दडलेल्या असतात.

ज्यांना रणजीची रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भारतातले 38 संघ ही स्पर्धा खेळतात. सगळेच सगळ्यांशी खेळू लागले तर मोसम वर्षभर चालेल. म्हणून 32 संघांचे आठ-आठचे चार गट केलेले असतात. त्यांना एलिट म्हणतात. उरलेले सहा नवखे किंवा मागे पडलेले संघ प्लेट गटात. प्रत्येक संघ आपल्या गटातल्यांशी खेळतो आणि एलिटच्या प्रत्येक गटातले पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. म्हणजे बाद फेरीत जे दोन संघ समोरासमोर येतात, त्यांनी तोवर बहुधा वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी सामने खेळलेले असतात. एकाच शाळेच्या दोन तुकड्यांना वेगवेगळ्या बाईंनी काढलेले वेगवेगळे पेपर द्यावेत आणि मग पहिला नंबर कुणाचा ते ठरवावे, तसाच हा प्रकार.

ही अडचण किती खरी आहे, हे 2018-19 च्या मोसमात दिसले. त्या वर्षी नऊ नवे संघ एकदम आत आले आणि त्यांचा स्वतंत्र प्लेट गट झाला. बिहारच्या आशुतोष अमनने आठ सामन्यांत 68 बळी घेतले आणि बिशनसिंग बेदींचा 1974-75 पासून टिकलेला 64 बळींचा विक्रम मोडला. सिक्कीमकडून खेळणाऱ्या मिलिंद कुमारने 1331 धावा काढल्या. गटात उत्तराखंड एकही सामना न हरता पहिला आला आणि त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला. नागपुरात त्याची गाठ विदर्भाशी पडली. उत्तराखंडने पहिल्या डावात 355 धावा केल्या, अजिबात वाईट नव्हे. मग चाळीस वर्षांच्या वसीम जाफरने 206 धावा काढल्या, विदर्भाने 629 केल्या आणि दुसऱ्या डावात उत्तराखंड 159 धावांत गारद झाला. एक डाव आणि 115 धावांनी पराभव.

2022 साली याहून मजेशीर प्रकार झाला. (नागालँडच्या मंडळींना तो मजेशीर वाटला नसेल.) प्लेट गटात पहिल्या आलेल्या नागालँडला कोलकात्याला झारखंडशी खेळावे लागले. झारखंडने 880 धावा केल्या, नागालँडला 289 धावांत बाद केले, तरी फॉलोऑन न देता पुन्हा फलंदाजी केली आणि सामना संपला तेव्हा त्यांची एकूण आघाडी 1008 धावांची होती. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईने उत्तराखंडला 725 धावांनी हरवले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये धावांच्या फरकाने मिळालेला तो सर्वांत मोठा विजय ठरला. गंमत म्हणजे उत्तराखंड तेव्हा प्लेटमध्ये नव्हता, एलिट गट जिंकून आला होता! म्हणजे गटाचे नाव एलिट असले की आतले सगळे संघ सारखे, असेही नाही.

हा गोंधळ आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या त्या हातात चेंडू घेऊन पळण्याच्या फुटबॉलमध्ये, वरच्या श्रेणीत सव्वाशेहून अधिक संघ असतात आणि प्रत्येकाला नेहमीचे सामने मिळतात डझनभर. तेव्हा अंतिम फेरीसाठी संघ निवडायला तेरा जणांची समिती बसते आणि कोण किती जिंकले याबरोबर कुणाला हरवून जिंकले, हेही पाहते. ओहायोत राहणारा माझा मामेभाऊ त्या वादात रात्र-रात्र जागतो. 2024 च्या मोसमात पहिल्यांदाच बारा संघ निवडले गेले. इंडियाना अकरा सामने जिंकून आणि एकच हरून आले होते, पण त्यांना फारसे तगडे प्रतिस्पर्धी मिळालेच नाहीत, अशी कुरकुर होती. ते पहिल्याच फेरीत नोत्र दामकडून हरले. ओरेगन एकही सामना न हरता आले होते. त्यांना ओहायो स्टेटने 41-21 असे हरवले आणि पुढे विजेतेपदही पटकावले. त्या ओहायो स्टेटचे मोसमात दोन पराभव झाले होते. दोन पराभव पदरी असलेला संघ अजिंक्य संघापेक्षा बलवान असू शकतो, हे तक्त्यात वरवर पाहून कळत नाही.

आता माझ्या फजितीकडे वळतो.

फेब्रुवारी 2025 मध्ये रणजीच्या उपांत्य फेरीत नागपूरला विदर्भ विरुद्ध मुंबई असा सामना ठरला. आमच्या घरात हा सामना म्हणजे घरगुती भांडण. मी वर्ध्याचा, अभियांत्रिकी नागपुरात केलेली. आमच्या हिचे माहेर डोंबिवली. सामना सोमवारी, 17 तारखेला सुरू होणार होता. आदल्या शुक्रवारी, मुले वर्गात बसलेली असताना, बाहेर चहाच्या थर्मासभोवती पैजा लागल्या. मी म्हणालो, पैजा कसल्या लावता, मी तक्ता करून आणतो. अभियंत्याला तेवढेच येते.

तक्त्यात मी चार रकाने केले: संघातली नावे, मोसमातले गुण, विजयांचा फरक आणि आधीच्या गाठीभेटी. प्रत्येकाला दहा गुण. नावांमध्ये मुंबईला पैकीच्या पैकी. अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर, भारताकडून खेळलेले चौघे. विदर्भाकडे एक करुण नायर, तोही मूळचा कर्नाटकचा; बाकी अक्षय वाडकर, यश राठोड, हर्ष दुबे, दानिश मालेवार ही नावे कुवेतमधल्या किती जणांना ठाऊक असतील? विजयांच्या फरकात मुंबईने मेघालयाला एक डाव आणि 456 धावांनी हरवले होते. पुन्हा पैकीच्या पैकी. गाठीभेटीत मार्च 2024 चा अंतिम सामना होता. तो मुंबईने 169 धावांनी जिंकून बेचाळिसाव्यांदा करंडक नेला होता.

एक रकाना मात्र विदर्भाच्या बाजूचा होता. साखळीतल्या सात सामन्यांपैकी विदर्भ सहा जिंकला होता, एक अनिर्णित, गुण 40. मुंबई चार जिंकली, दोन हरली, एक अनिर्णित, गुण 29. पण मी स्वतःशी म्हणालो, विदर्भाचा गट सोपा असणार. आणि त्या रकान्याचे वजन निम्मे केले. बेरीज मुंबईच्या बाजूने गेली. साठ टक्के मुंबई, चाळीस टक्के विदर्भ. घरात सासर-माहेरचा समेट झाला, हिने शिरा केला.

शिरा खाता-खाता मुलीने तक्ता पाहिला आणि विचारले, "बाबा, मेघालय चांगले खेळतात का?"

मी म्हणालो, "नाही गं. ते या वर्षी एकही सामना जिंकले नाहीत."

"मग त्यांना हरवल्याचे मुंबईला एवढे मार्क्स कशाला दिले? आणि विदर्भाचे मार्क्स का कापले? त्यांच्या समोर कोण होते?"

विदर्भाच्या समोर कोण होते, ते मी पाहिलेच नव्हते. नुसते गृहीत धरले होते. मला लाज वाटली ती या गोष्टीची. समोर कोण होते हा प्रश्न मला सुचला नाही असे नाही. तो मी एकाच बाजूला विचारला. लहान नावाच्या संघाला विचारला आणि मोठ्या नावाच्या संघाला माफ केला. आणि लहान नावाचा संघ माझा स्वतःचा होता.

असे मी पहिल्यांदाच केले नव्हते. डिसेंबर 2017 मध्ये विदर्भ उपांत्य फेरीत पोचला, समोर कर्नाटक होते, तेव्हाही मी म्हणालो होतो, इथवर आले हेच खूप झाले. विदर्भ तो सामना पाच धावांनी जिंकला. रजनीश गुरबानीने त्यात बारा बळी घेतले आणि अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली. गुरबानी नागपुरातून स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला! पुढच्या वर्षी विदर्भाने करंडक पुन्हा जिंकला. तरी 2025 मध्ये माझ्या तक्त्यात विदर्भाचा गट 'सोपा असणार'.

मग त्या रात्री बसून काम नीट केले. दोन गटांतल्या संघांची तुलना करायची तर दोन्हींना जोडणारा धागा लागतो. सालमियाच्या मुलांनी फाहाहीलच्या मुलांना हरवले आणि फाहाहीलने अब्बासियाला हरवले, तर सालमिया आणि अब्बासिया यांच्यात एक धागा आला. कच्चा का असेना, पण आला. दोन गट एकमेकांशी खेळलेच नाहीत, तर धागाच नाही. मग कोणता गट अवघड हे कुठल्याच गणिताला सांगता येणार नाही. साखळी संपली तेव्हा मुंबईचा गट आणि विदर्भाचा गट यांची अवस्था अशीच होती. पण उपांत्यपूर्व फेरीने थोडे धागे दिले होते.

विदर्भाच्या गटातून दुसरा आला होता गुजरात. त्याने उपांत्यपूर्व फेरीत सौराष्ट्राला एक डाव आणि 98 धावांनी हरवले. स्वतः विदर्भाने तामिळनाडूला 198 धावांनी हरवले. म्हणजे 'सोप्या' गटातले दोघेही दुसऱ्या गटांतल्यांना दणदणीत हरवून पुढे आले होते. मुंबईच्या गटात पहिला आला होता जम्मू-काश्मीर, मुंबई नव्हे! त्या जम्मू-काश्मीरने जानेवारीत मुंबईला मुंबईतच पाच गडी राखून हरवले होते. आणि त्या सामन्यात मुंबईकडून रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर, दुबे आणि शार्दूल असे सगळे हजर होते. माझ्या नावांच्या रकान्यात बारा गुण द्यावेत असा तो संघ 120 धावांत बाद झाला होता. जम्मू-काश्मीर पुढे केरळशी खेळले आणि पहिल्या डावातल्या एका धावेच्या पिछाडीवर बाहेर गेले, म्हणजे त्यांनाही कच्चे म्हणता येत नव्हते. मुंबईने हरियाणाला 152 धावांनी हरवले खरे, पण पहिल्या डावात तिची अवस्था 7 बाद 113 अशी होती. वाचवले ते शम्स मुलाणी आणि तनुष कोटियन यांनी, मोठ्या नावांनी नव्हे.

हे सगळे मांडल्यावर मुंबईचा गट अवघड आणि विदर्भाचा सोपा, या माझ्या समजुतीला काही आधार राहिला नाही. गट फार तर सारखे होते. मग 40 गुण हे 40 च मानायला हवे होते. मेघालयावरचा विजय एक विजय म्हणून मोजायचा, 456 धावांचा डोंगर म्हणून नाही. आणि नावांच्या रकान्यात त्या खेळाडूने आयुष्यात काय केले यापेक्षा या मोसमात काय केले, ते लिहायला हवे होते. तसे लिहिले तर यश राठोड आणि हर्ष दुबे हीच मोठी नावे ठरतात.

सामना झाला. कुवेतच्या घड्याळात सकाळी सातला खेळ सुरू व्हायचा, म्हणजे कचेरीत पोचेपर्यंत एखाददुसरा बळी गेलेला असे. विदर्भ 383. दुसऱ्या दिवशी पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे या तिघांना बाद केले. माझ्या तक्त्यातला पहिला रकाना सहा चेंडूंत रिकामा! मुंबई 270. दुसऱ्या डावात यश राठोडच्या 151 धावांवर विदर्भ 292. मुंबईपुढे 406 धावांचे लक्ष्य होते. पाचवा दिवस शुक्रवारचा, म्हणजे आपल्या वर्गाचा. मुले आत बाराखडी गिरवत होती आणि आम्ही बाहेर धावफलक. दुपारी निकाल लागला. मुंबई 325, विदर्भ 80 धावांनी विजयी. पुढे केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने करंडकही जिंकला. त्या अंतिम सामन्यात हर्ष दुबेचे मोसमातले बळी 69 झाले. आशुतोष अमनचा 68 चा विक्रम मोडला. अमनला आठ सामने लागले होते, दुबेला दहा. पण एकाचे बळी प्लेटमधले, दुसऱ्याचे एलिटमधले आणि बाद फेरीतले. आता मुलांनी सांगावे, कोणता विक्रम मोठा? मला दोन्ही आवडतात.

इथे एक कबुली देतो. विदर्भ जिंकला म्हणून माझा पहिला तक्ता चूक आणि दुसरा बरोबर, असे म्हणणे हाही अडाणीपणाच. एका सामन्याने काही सिद्ध होत नाही. रहाणे आणि कंपनी त्या षटकात टिकली असती तर निकाल उलटा लागू शकला असता. पण मुंबई जिंकली असती तरी माझा तक्ता चूकच राहिला असता, कारण त्यात एक प्रश्न एकाला विचारला होता आणि दुसऱ्याला नाही. उत्तर चुकले याचे मला दुःख नाही. रीत चुकली, त्याचे आहे.

आता मेघालयाविषयी. आपण इथे 456 धावा म्हणून हसतो. पण मेघालय एलिटमध्ये आला होता तो आदल्या वर्षी प्लेटच्या अंतिम सामन्यात पोचून, आपल्या पायांनी. त्याच्याबरोबर वर आला हैदराबाद. प्लेटमध्ये असताना हैदराबादच्या तन्मय अगरवालने अरुणाचलविरुद्ध 147 चेंडूंत त्रिशतक केले होते. तेव्हाही लोक म्हणाले असतील, समोर कोण होते? पण 2024-25 मध्ये हैदराबाद वरच्या गटात, विदर्भाच्याच गटात, खेळला आणि सामने जिंकलाही. दोघांना एकच दार उघडले. एकाला झेपले, एकाला त्या वर्षी झेपले नाही. दार उघडले नसते तर कुणाला झेपते आणि कुणाला नाही, हे कधी कळलेच नसते. गोवाही 2024-25 ची प्लेट जिंकून वर गेला. माझे मत असे की दुबळ्या संघाला एकदम उपांत्यपूर्व फेरीत ढकलून 1008 धावांची आघाडी पाहत बसणे हा त्याचा सन्मान नव्हे. आणि त्याला कायम खालच्या गटात कोंडून त्याच्या विक्रमांना हसणे हा न्याय नव्हे. जिंकलात, तर पुढच्या वर्षी वरच्या गटात सातही सामने खेळा, हीच रीत बरी. 2022-23 पासून मंडळाने तीच धरली आहे.

हे सगळे मुलांच्या अंकात कशाला, असे बाई विचारतील. त्याचे कारण सांगायला मला जरा जड जाते आहे.

विदर्भाचा सामना होऊन काही आठवडे झाले होते. आपल्या वर्गात कथाकथन झाले. माझ्या मुलीला पन्नासपैकी 48 गुण मिळाले आणि गटात पहिला नंबर आला. ती नाचत गाडीत बसली. मी गाडी चालू करता-करता सहज म्हणून गेलो, "तुझ्या गटात होते कोण? निम्मी मुले तर याच वर्षी यायला लागली." माझ्या डोक्यात तो तक्ताच चालू होता. ती एकदम गप्प झाली. गल्फ रोडभर खिडकीतून बाहेर बघत राहिली. घरी येऊन प्रशस्तिपत्रक दप्तरात तसेच राहिले, ते दोन दिवसांनी हिने काढून कपाटावर लावले.

तिचाच प्रश्न मी तिच्यावर उलटवला होता. तिने तो तक्त्याला विचारला होता, मी तो लेकराला विचारला. शिवाय त्याच आठवड्यात शेजारच्या मुलाला एका नावाजलेल्या शाळेत 97 टक्के मिळाले, तेव्हा मी तोंडभर कौतुक केले होते. त्याच्या समोर कोण होते, हे विचारायचे मला सुचले नाही. मोठे नाव दिसले की माझा प्रश्न गिळला जातो आणि घरचे माणूस दिसले की बाहेर येतो. 2017 मध्ये तसे, 2025 मध्ये तसे. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना ही खोड आहे, असे मला वाटते. आपली भाषा, आपली शाळा, आपले गाव, आपली मुले, यांचे गुण आपण आधी निम्मे करतो आणि मग बेरीज करतो.

म्हणून आपण गुण पाहायचेच नाहीत, असे मी म्हणत नाही. मुलांना खरे चित्र कळायला हवे. इथे वर्गात पहिले येणे वेगळे आणि भारतात जाऊन लाखो मुलांबरोबर एकच पेपर सोडवणे वेगळे. 2021 मध्ये नीटचे केंद्र पहिल्यांदाच भारताबाहेर निघाले ते आपल्या कुवेतमध्ये. सगळ्यांना जोडणारा धागा तो. तिथे बसणाऱ्या मुलाला तोवर कुणी अवघड प्रश्न दिलेच नसतील, तर त्याचा उत्तराखंड होतो. मराठीचेही तेच. वर्गात बाई हळू बोलतात, सोपे विचारतात, चुकले तरी शाबासकी देतात. आणि सुट्टीत वर्ध्याला गेले की आजी एका श्वासात दहा वाक्ये बोलते, वर आमच्या वऱ्हाडी ठसक्यात. मूल बावरते. चूक मुलाची नसते. त्याला तसे सामनेच मिळालेले नसतात. सोपी कार्यक्रमपत्रिका मुलांनी आखलेली नसते, आपण मोठ्यांनी आखलेली असते.

तेव्हा पालकहो, माझी एक सूचना आहे. आपल्या कथाकथनात आणि वक्तृत्वात घरी मराठी बोलणारी आणि न बोलणारी मुले एकाच गटात नकोत, पण त्यांच्यात कायमची भिंतही नको. दरवर्षी दोन फेऱ्या ठेवाव्यात. पहिली आपापल्या गटात. तिथले बक्षीस पूर्ण मानाचे, त्याला कुणी नाक मुरडू नये. दुसऱ्या फेरीत प्रत्येक गटातल्या पहिल्या दोघांनी वरच्या गटाबरोबर बोलायचे, त्यात नंबर नाही, फक्त अनुभव. शिवाय वर्षातून एकदा नागपूर, पुणे, बेळगाव, जिथे कुणाचे आजी-आजोबा असतील तिथे फोन लावून मुलांनी त्यांच्याशी दहा मिनिटे बोलायचे, मध्ये आईबाबांनी तोंड घालायचे नाही. खरी बाद फेरी तीच!

ही सूचना मी आधी मुलीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "वरच्या गटात मी हरले तर?"

मी म्हणालो, "तर आपण कुणाशी खेळून हरलो, ते आपल्याला ठाऊक असेल."

तिने थोडा विचार केला आणि मग म्हणाली, "पण आधी पहिल्या फेरीचे पेढे वाटायचे."

ते मान्य आहे. गेल्या वेळचे पेढे राहिले आहेत, तेही येत्या शुक्रवारी आणतो. सूचनेवर कुणाला काही म्हणायचे असेल तर चहाच्या वेळी बोलू. मुंबईकरांनी थर्मास आणावा.

— एक पालक